मु. पो. रास अल खैमा

दर मंगळवारी आणि शुक्रवारी
एकविसाव्या मजल्यावर जाऊन
मी साहेबांचं राहणं चालू करतो.
आधी एसी. मग गिझर. मग दिवे, एकेक खोली.
मग नळ.
बाथटबचा नळ चाळीस मिनिटं,
असं पुण्याहून लेखी आलेलं आहे.
बिल आलं पाहिजे,
बिलात माणूस दिसला पाहिजे.

कागदावर साहेब इथे राहतात.
कागदावर त्यांना खाडी दिसते, खारफुटी दिसते,
ओहोटीला चिखलात उभे राहणारे रोहित पक्षी दिसतात.
दिसतात ते मला,
आणि मी राहतो अल नखीलला,
पाच जणांच्या खोलीत, वरच्या खाटेवर.

त्यांच्या पासपोर्टवर शिक्के कुठून उमटतात
ते खातं माझ्याकडे नाही.
माझ्याकडे टूथब्रश आहे, दोन महिन्यांनी बदलायचा,
ठेवताना अंगठ्याने थोडा झिजवायचा.
माझ्याकडे त्यांचं कार्ड, किराणा, पावत्यांची फाइल.
एकदा मोह झाला. अर्धा किलो हमूर घेतला.
चौथ्या दिवशी भडभडेबाईंचा फोन,
"अहो, साहेब माळकरी आहेत. पावतीवर मासा कसा?"
तेव्हापासून साहेब तूरडाळ खातात.
खजूर त्यांना आवडतो, हे मी ठरवलं.
डाळ खाली टिकाराम वॉचमनच्या स्टोव्हवर शिजते.
तो विचारतो, साहेब कधी येणार?
मी म्हणतो, गेलेच कधी?

आमच्या शिरंब्याला एक मुक्कामी गाडी यायची.
रात्री पावणेनऊला.
ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत निजायचे,
पहाटे साडेपाचला तीच गाडी तालुक्याला.
तिच्यातून सुहासिनी, माझी बहीण,
लशींचा डबा मांडीवर घेऊन उपकेंद्रावर उतरायची.
पाडव्यापासून गाडी बंद.
डेपोत चिकटवलेल्या पत्रकाचा फोटो तिने पाठवला:
काटकसरीच्या धोरणानुसार तोट्यातील मुक्काम रद्द.
तोट्यातील मुक्काम.
दोन बोटांनी मोठं करून वाचलं.
आता ती फाट्यापर्यंत चालते, साडेचार किलोमीटर,
डब्यातला बर्फ तिच्याआधी पोचू नये म्हणून
जवळजवळ पळतेच.

आणि इथे एका माणसाचा मुक्काम
मी फायद्यात चालवतोय.
रिकाम्या गाडीत उभं राहून
आठवड्यातून दोनदा डबल बेल.

मी कॉमर्सचा. एका रात्री खाटेवर बसून
साहेबांचा न भरलेला कर, अंदाजे,
भागिले शिरंबे फेरीचं वर्षाचं डिझेल, पगारासकट.
उत्तर खोटं वाटलं, परत केलं.
तेवढ्यात गाडी येत राहिली असती
मी मेल्यावर,
सुहासिनीची नातवंडं म्हातारी झाल्यावर,
गावात उतरणारं कुणी उरलं नाही तरी
पावणेनऊला, दिवे लावून.

माझा पगार वेळेवर होतो, हेही लिहायला हवं.
त्यातून तिला स्कूटी घेऊन दिली.
चढाला दम टाकते म्हणाली. स्कूटी.

आज शुक्रवार.
नळ सोडून मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलोय.
समुद्राचं पाणी गोडं करून एकवीस मजले वर आणलेलं,
ते टबातून खाली, पुन्हा समुद्राकडे.
तिचा फोन आला. फाट्यावर उभी होती,
वडापची वाट बघत.
दोघं काही बोललो, आईच्या गुडघ्याचं वगैरे.
मग ती थांबली.
"तुझ्याकडे नळ उघडा राहिलाय का रे?
बंद कर की आधी."

मी घड्याळ बघितलं.
साहेबांची आंघोळ व्हायला
अजून चोवीस मिनिटं होती.